घोडी माझी, पिच्चर त्यांचा

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि मानेला, हातांना गोरा रंग फासायला घेतला. मेकअपवाली बाई स्पंज दाबत म्हणाली, "हिला अजून दोन हात लागतील. चढतच नाही." भोवतीची माणसं हसली. शेजारच्या खुर्चीत हिरॉईन मॅडम बसल्या होत्या. त्यांना काळा रंग लावणं चाललं होतं.

पिच्चर कसला, तर गावाकडच्या गरीब पोरीचा. ती घोड्यांच्या शर्यतीत सगळ्यांना हरवती आणि नाव काढती. मॅडम ती पोर होणार, म्हणून त्यांना सावळं करायचं. त्यांच्या जागी घोडी पळवणार मी, पण त्यांच्याहून काळी दिसाया नको, म्हणून मला उजळायचं. खरी गावाकडची पोर समोर बसलेली, आणि तीच कुणाला नको होती.

आमी पवनानगरच्या बाजूचे. आमच्यात बैलगाडा शर्यतीला बैलांच्या म्होरं घोडी पळती. तिच्या मागं बैल जीव खाऊन धावतात. घोडी ढिली पडली तर बैल अंगावर येतात, म्हणून तिला एकच गोष्ट शिकवायची. कुणाला म्होरं जाऊ द्यायचं न्हाई. आबांनी, म्हंजे माझ्या बापानं, आमच्या हिरणीला तेच शिकवलं, मलाबी तेच. एका जत्रेत पिच्चरच्या डायरेक्टरनं मला घोडी पळवताना बघितलं. घरी येऊन म्हणाला, "पडद्यावर तुझं नाव येईल." त्या एका शब्दावर मी गेले. आमच्या घरातलं नाव आजवर शाळेच्या दाखल्याबाहेर कुटं छापून आलेलं न्हाई. मला ते बघायचं होतं, लय बघायचं होतं.

धरणाच्या काठाला सपाटीवर शूटिंग. पहिल्या शर्यतीत पोर हरती, असं लिहिलेलं. हिरणीला हरणं ठाऊक न्हाई. मागं टापा वाजल्या की ती सुटायची. डायरेक्टर भोंग्यातनं ओरडला, "गावठी जनावर, गावठी बाई." मी लगाम खेचला. परत खेचला. दिवसभर खेचला. संध्याकाळी तिच्या तोंडातनं रक्त आलं, तवा कुटं ती मागं राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी काय म्हणाले? "थँक्यू सर." आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटती.

दुसऱ्या दिवशी जिंकायची शर्यत. क्यामेरा माझ्या मागं, गाडीवर. हिरणी सुटली ती सुटलीच. शर्यत झाल्या झाल्या मला टेम्पोमागं लपवलं आणि दमलेल्या घोडीवर मॅडमना बसवलं. घाम दिसावा म्हणून त्यांच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारला. तेवढ्यात टीव्हीवाले आले. घोडी धरायला माणूस पायजे, म्हणून मला बोलावलं. दोघींचे कपडे सारखे, ते दिसाया नकोत, म्हणून माझ्या अंगावर शाल टाकली.

मॅडम म्हणाल्या, "सगळं रायडिंग मी स्वतः केलंय. डबल घेतलाच नाही."

टीव्हीवाल्यानं माईक माझ्याकडं वळवला. डायरेक्टर दात दाखवत म्हणाला, "सांग ना, मॅडम किती छान पळवतात ते." आबा कडेला उभे होते, टोपी हातात धरून. मानेनंच खुणावत होते, त्यांना पायजे ते बोलून टाक पोरी.

मी शाल खाली टाकली.

"मॅडम, उतरा. घोडी माझी हाय, आणि पळवलीय मी."

डायरेक्टरनं माईक बंद करायला लावला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझं नाव कापलं म्हणून समज."

"कापा."

मॅडम उतरल्या. उतरताना आधार माझ्याच खांद्याचा घेतला. मी हिरणीवर बसले आणि घरी आले. राहिलेलं शूटिंग त्यांनी कसं उरकलं ते त्यांनाच ठाऊक.

आबा आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मग म्हणाले, "मोठ्या लोकांशी वैर कशाला घेतलंस?" मी म्हणाले, "वैर त्यांनी घेतलंय, आबा. मी उट्टं काढणार हाय."

आता सोमाटण्याच्या चौकात भलामोठा बोर्ड लागलाय. मॅडम घोड्यावर, आणि खाली लिहिलंय, एका जिद्दी मुलीची प्रेरणादायी कहाणी. कसली डोंबलाची प्रेरणा. गावातली माणसं म्हणतात, झालं गेलं, सोड आता. न्हाई सोडणार. मला त्यांची माफी नको. शेवटाला बारीक अक्षरात नावबी नको.

तळेगावात पिच्चर लागंल त्या दिवशी मी हिरणीवर बसून थेटराच्या दारात उभी राहणार. बाहेर येणाऱ्या एकेकाला सांगणार, तुमी ज्या पाठीला टाळ्या वाजवल्या ती माझी होती, आता तोंड बगा. तितनं हाकललं तर लोणावळ्याला जाणार. आणि मॅडम कुटं सत्काराला आल्या, तर भर गर्दीत हिरणीचा लगाम त्यांच्या हातात देणार आणि म्हणणार, बसा. पळवा.