मी गाळलेलं एक वाक्य

"अक्का, दिवेलागण झाली की ही भिंतीला धडकते बघा," म्हणत महादेवीनं लेकीला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. लेक शांता, सतरा वर्षांची. मी व्हिटॅमिन एची बाटली काढलीसुद्धा. सत्तर सालच्या सुमाराला, मी नर्स होते त्या सोलापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात रातांधळेपणा म्हणजे तीच बाटली.

डॉक्टरांनी डार्क रूममध्ये तपासलं, मग मलाही बघायला लावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, काळे ठिपके. कोळशाची भुकटी सांडल्यासारखे.

"हे खाण्यापिण्याचं नाही, बाई," डॉक्टर मला म्हणाले. " अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी कशा घडायच्या, कशा टिकायच्या, हे जीन्स ठरवतात. एक जीन आईकडून येतो, एक वडिलांकडून. एक बिघडला तर दुसरा निभावून नेतो. इथं दोन्ही बिघडलेले दिसतात. आईवडिलांचं लग्नाआधीचं काही नातं होतं का, विचारा."

महादेवीला मराठी येत नव्हतं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून कन्नड पेशंटशी मीच बोलायची.

"आमचे मालक माझे सख्खे मामाच की," ती कन्नडमध्ये म्हणाली, हसत. "आता हिलाबी माझ्या भावालाच द्यायची. परका करून घेईल व्हय असली पोर?"

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"त्यांना सांगा, याला औषध नाही. आणि मामाला मुळीच देऊ नका. तोच जीन त्याच्यातही असू शकतो. मग मुलांनाही होईल."

पहिलं वाक्य मी सांगितलं. दुसरं, मामाचं, गाळलं. अहो, माझं स्वतःचं लग्न मामाशी झालेलं! तिन्ही पोरं ठणठणीत. वाटलं, डॉक्टर पुस्तकातलं बोलतात, आणि माझ्या तोंडानं या पोरीचं ठरलेलं लग्न कशाला मोडू?

"सगळं सांगितलंत?"

"हो, साहेब."

सात वर्षांनी शांता आली, चिमुरड्या मुलीला घेऊन. डार्क रूमच्या दारातच ती मुलगी थबकली. दोन्ही हात पुढे करून चाचपडायला लागली.

डॉक्टरांनी जुना केसपेपर काढला. "तेव्हा सांगितलं होतं ना, मामाशी लग्न नको म्हणून?"

शांता एव्हाना मराठी शिकली होती. "न्हाई, साहेब. कुणी न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर मी बिनलग्नाची ऱ्हायले असते की."

डॉक्टरांनी केसपेपर मिटून माझ्या हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर कन्नडमध्ये सांगितलेलं मी पेशंटकडून परत वदवून घ्यायला लागले, शब्दन् शब्द. शांताच्या लेकीला त्याचा काय उपयोग? माझं काम बोलणं पोचवायचं होतं. ते पटतंय की नाही, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.