ताईचा चान्स

गेमचा दुसरा भाग आषाढात आला आणि मी तो पंचमीपर्यंत उघडलाच नाही. कॉलेजात हे सांगितलं की सगळ्या म्हणतात, येडी का काय तू? पण सात वर्षं थांबले होते, त्यात अजून एक महिना!

पहिला भाग संपला तेव्हा मी सातवीत होते, ताई अकरावीत. गेममधली बाई आणि तिचं कुत्रं पाण्यात बुडालेल्या शहरातून घर शोधत निघालेले असतात. शेवटी पूल तुटतो. बाई अलीकडं, कुत्रं पलीकडं, आणि स्क्रीन काळी! संपलं! त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. ताई म्हणायची, कुत्रं मेलं. मी म्हणायचे, जिवंत आहे. भांडी घासताना भांडण, रिक्षात भांडण. शेवटी ठरलं, दुसरा भाग आला की दोघींनी मिळूनच बघायचं.

आमच्याकडं कंट्रोलर एकच, म्हणून नियम पण एकच. मेलं की दुसरीचा चान्स. मेल्याशिवाय मागायचा नाही, आणि मेलं की एक सेकंद ठेवायचा नाही.

मे महिन्यात ताईचं लग्न झालं, करकंबला दिली. गेम आला तसा मी तिला फोन लावला.

"ताई, आला! आला आला आला!"

"उघडू नको हां! पंचमीला येतेय की मी. पहिली पंचमी हाय, पाठवणारच. माझी शपथ घे."

घेतली. मग काय, कुत्र्याचं कुणी सांगून टाकू नये म्हणून इन्स्टा काढून टाकलं. कॉलेजात कुणी गेमचं बोलायला लागलं की मी उठून बाहेर. खोलीत बसून नुसता गेमच्या पहिल्या पानावरचा फोटो बघायचे. फोटोत बाई एकटीच होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी ताई आमच्या कुंभारीच्या स्टॉपवर उतरली. मी टीव्ही आधीच लावून ठेवलेला, दोन उशा टाकलेल्या. पण बॅग ठेवते न ठेवते तोवर शेजारच्या काकू मेंदीचे कोन घेऊन हजर. नवी नवरी म्हणून दोन्ही हातांना कोपरापर्यंत! आणि मी खुळी, मीच पुढं होऊन काकूंना डिझाइन दाखवलं. डोक्यातच आलं नाही माझ्या.

ताई दोन्ही हात वर धरून शेजारी बसली. मी सुरू केलं. बाईचे केस पिकलेले! मी ओरडले, "ताई बघ, म्हातारी झाली!" ताई म्हणाली, "हं." तिच्या मांडीवर फोन होता, नणंदेचे मेसेज येत होते, ती नाकानं स्क्रीन सरकवत होती. मी लगेच मेले. नियमाप्रमाणे कंट्रोलर डावीकडं धरला. तिनं हिरवे हात दाखवले.

"खेळ की तूच. उद्या मी."

मी बंद केलं. तिच्याशिवाय पुढं कसं जायचं?

दुसऱ्या दिवशी वारूळ पुजून झालं, झोका झाला, दिंडं खाऊन झाली. दुपारी दोनला ताई एकदाची बसली. हात लालभडक.

आई आतून आलीच. "आज काय चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय, आन तुमी तलवारी घेऊन बसलाय व्हय गं?"

"आई, म्यान केली बघ," ताई म्हणाली आणि खरंच बाईला तलवार न काढता पळवायला लागली! मी हसून हसून लोळले. ती अगदी तीच ताई होती, जीभ बाहेर काढून खेळणारी. बाई पुलापाशी पोचली. नवा पूल, पलीकडं धुकं. आणि फोन वाजला. दाजी स्टॉपवर आलेले, घरी पाहुणे येणार म्हणून आजच न्यायला. ताईनं पॉज केलं, कंट्रोलर उशीवर ठेवला, आणि साडी बदलायला गेली.

ती मेली नव्हती. म्हणजे चान्स तिचाच होता.

मी हात लावला नाही. दोन दिवस बाई पुलापाशी तशीच उभी. आईनं तिची सिरीयल सोडली, पण टीव्ही बदल म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली. आली तेव्हा गेम आधी सेव्ह झालेल्या ठिकाणी, पूल यायच्या कितीतरी अलीकडं.

मग मी खेळले. चार वेळा मेले, चारही वेळा हात डावीकडं गेला. पाचव्या वेळी पूल ओलांडला आणि धुक्यातून ते आलं. लंगडत, पण तेच! मी उभी राहिले, खोलीत कुणी नव्हतं, लगेच फोन लावला.

"ताई! कुत्रं जिवंत हाय!"

मागं मिक्सर चालू होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"कुठलं गं? आपल्या गल्लीतलं?"

मी टीव्हीकडं बघितलं. कुत्रं बाईच्या पायाशी बसलं होतं.

"व्हय," म्हटलं. "गल्लीतलंच."