आहार फलकापुढची रांग

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मिराबाई शाळेच्या स्वयंपाकखोलीपुढं बसून तांदूळ निवडत होती. सरकारी तांदळात खडे किती निघतात हे तपासायला आजवर कुठलं पथक आलेलं नाही. आज जे पथक येणार होतं ते शाळेची गुणवत्ता तपासणार होतं. तांदूळ त्यात बसत नव्हता.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. गोरेगावहून जीपनं आलं की फाट्यावर उतरायचं आणि दीड किलोमीटर चालायचं. दोन खोल्या, दोन शिक्षक, पटावर सव्वीस लेकरं, दोन स्वयंपाकी. पट पंचवीसवर आला की एकच स्वयंपाकी ठेवतात, म्हणजे दुसरी बाई सव्विसाव्या लेकराच्या जिवावर टिकून असते. पार्वतीबाई जुन्या, त्यामुळं दुसरी बाई मिराबाई. आणि सव्विसावं लेकरू म्हणून कुणाकडं बोट दाखवायचं झालं तर ती तिचीच पोरगी, चौथीतली आरोही.

नऊच्या सुमाराला मुख्याध्यापक रामकिशन सर मोटारसायकलवरून आले. हँडलला मेथीच्या सहा जुड्या लटकत होत्या, मुळासकट. तपासणीच्या कागदावर परसबागेला दहा गुण होते आणि शाळेच्या परसबागेत जूनपासून फक्त गाजरगवत आलं होतं. ते काल उपटलं. आज त्या जागी गोरेगावच्या बाजारातली मेथी लावायची होती.

पार्वतीबाई खुरपं घेऊन बसल्या. "सर, जुडीची सुतळी काढू का राहू देऊ?"

"काढा."

"मंग सांजच्याला उपटून घरी न्यावी का? उद्यापर्यंत टिकायची न्हाई ती."

"फोटो झाल्यावर न्या."

सरांना यात विनोद दिसला नाही. गेला महिनाभर त्यांना कशातच विनोद दिसत नव्हता. वाचन कोपरा म्हणून दोरीला पुस्तकं टांगली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, कारण पिशवी काढली तर पुस्तक मळतं. तक्रारपेटीला नवं कुलूप लावलं होतं आणि किल्ली कुणाकडं हे दोघांही शिक्षकांना ठाऊक नव्हतं. चौथीचा सातवा धडा रोज दोनदा वाचून घेतला जात होता. पान कुठं उलटायचं तेसुद्धा.

मिराबाईला तो धडा आता स्वतःलाच येत होता. तिची भीती त्या धड्यातूनच निघाली होती.

बारा दिवसांपूर्वी दिवेलागणीला आरोही ओसरीवर बसून तोच धडा मोठ्यानं वाचत होती. मधेच लाइट गेली. वाचन थांबलं नाही. दोन ओळी झाल्या, चार झाल्या, धड्याखालचे प्रश्नसुद्धा झाले. मिराबाईचा नवरा संतराम कौतुकानं म्हणाला, "पाहा, अंधारात वाचून राहिली पोरगी." मिराबाईचं शिक्षण नववीपर्यंतचं. अंधारात वाचता येत नाही, एवढं नववीपर्यंत कळतं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, पोरगीला वाचता येतं का. चौथी संपायला चार महिने उरले होते. पुढं पाचवीला सेनगाव किंवा गोरेगाव, आणि तिथं कुणी मागं वळून अक्षरं शिकवत बसत नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "आरोही? हुशार आहे." सगळ्याच लेकरांबद्दल ते असंच म्हणत. घरी तपासावं तर घरी छापलेलं असं काही नव्हतंच जे पोरीला पाठ नाही. देवाची आरती, दिनदर्शिका, बिस्किटाचा पुडा, सगळं पाठ.

संतरामनं त्याच्यापुरता निकाल लावून टाकला होता. त्याच्या भावाचा मुन्ना गोरेगावच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या व्हॅननं जायचा, आरोहीलाही तिथंच घालायचं. व्हॅनवाल्याला शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. आरोही गेली की पट पंचवीस, आणि मिराबाईचं काम गेलं. ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण पोरीच्या शिक्षणाआड आईची खिचडी येते असं तिला ऐकून घ्यायचं नव्हतं. तिनं गुपचूप मुन्नापुढं खताची पिशवी धरून विचारलं होतं, "बाळा, काय लिहिलंय रे?" मुन्ना म्हणाला, "बॅग." मग खिडकीकडं बोट करून म्हणाला, "विंडो." पिशवीवरची मराठी त्याला आली नाही आणि इंग्रजीही आली नाही. ती शाळा पाच वर्षं जुनी आहे आणि तिच्या दारावर विमानाचं चित्र आहे.

आजचा शुक्रवार उजाडला तेव्हा मिराबाईपाशी एकच जागा उरली होती. आहार फलक. स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर काळा चौकोन, वर पांढऱ्या रंगात 'आजचा आहार' आणि खाली रोज खडूनं लिहायचं. लिहायचं काम तिचंच, अक्षर बरं म्हणून. शाळेतलं बाकी सगळं लेकरांना पाठ करून झालं होतं. रोज बदलणारं एवढं एकच वाक्य राहिलं होतं.

पथक दोनच्या पुढं येणार असल्याचा फोन साडेबाराला आला. जेवणाची सुट्टी एकला. पावणेएकला मिराबाईनं खडू घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं:

'आज जेवण मिळणार नाही. सर्वांनी घरी जेवून यावे.'

पार्वतीबाईंना वाचता येत नव्हतं. त्या उसळीत पळी फिरवत म्हणाल्या, "आज लई लिहिलं गं."

"पथक येणार हाय न आत्या. जरा जास्त लिहिलं."

एकची घंटा झाली. सव्वीस लेकरं ताटं घेऊन आली आणि फलकाला खेटून रांगेत उभी राहिली. दोघं सर हात धुवायला फलकासमोरूनच गेले. एकानं तर खडूची धूळ लागू नये म्हणून बाही सावरली. आरोही रांगेत तिसरी होती. तिचं डोकं 'नाही' या शब्दाला टेकलं होतं.

"आरोही, काय लिहिलंय गं तिथं?"

आरोहीनं मान न वळवता सांगितलं, "मटकीची उसळ आन भात."

"वाचून सांग."

पोरगीनं वळून पाहिलं. फलकावर नजर फिरवली, ओठ हलवले आणि तेच म्हणाली, "मटकीची उसळ आन भात." मागच्या पोरांनी री ओढली. वास येतच होता.

मिराबाईनं पळी उचलली आणि वाढायला सुरुवात केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. रांग संपत आली तेव्हा दुसरीतली आकांक्षा ताट छातीशी धरून बाजूला उभी असलेली दिसली. बौद्धवाड्यातली, बारीक अंगाची, कमी बोलणारी पोर.

"तू काहून थांबली?"

"मावशी, जेवण न्हाई म्हणून लिहिलंय. घरी जाऊ का?"

मिराबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "चुकून लिहिलं माय मी. बस." भात वाढता वाढता तिनं हळूच विचारलं, "वाचायला कोणी शिकवलं तुला? सरांनी?"

"न्हाई. आबानं. विहारात."

तेवढ्यात फाटकापाशी पांढरी जीप थांबली. दोनच्या पुढं येणारं पथक एक वाजून दहा मिनिटांनी आलं होतं, कारण त्यांना पुढच्या गावात जेवायचं होतं. मिराबाई ओलं फडकं घेऊन फलकाकडं धावली. उशीर झाला होता. पथकप्रमुख साहेब रामकिशन सरांना घेऊन नेमके फलकापुढंच उभे राहिले, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला केंद्रप्रमुख, आणि तिसऱ्यानं मोबाइल आडवा धरला.

"बाई, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. मिराबाई फडक्यासह बाजूला झाली. आपलं काम गेलं असं ती धरून चालली.

फोटो निघाला. साहेबांनी लेकरांना विचारलं, "काय रे, आज काय जेवण?"

"मटकीची उसळ आन भात," सव्वीस तोंडांतून आलं.

"व्वा." साहेबांनी फलकाकडं हात केला. "फलक अद्ययावत, ठळक अक्षरात. पाचपैकी पाच घ्या." केंद्रप्रमुखांनी पाच घेतले.

मग मेथीला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण पाणी जास्त घातल्याबद्दल कापला. वाचन कोपऱ्यात साहेबांनी पिशवीसकट पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पुन्हा दोरीला लावलं. शेवटी वर्गात वाचन. चौथीला सरांनी सातवा धडा काढायला लावला. आरोही उभी राहिली. आवाज खणखणीत, विराम जागच्या जागी, पान बरोबर उलटलं. साहेब म्हणाले, "शाब्बास." मिराबाई भांडी घासत ते ऐकत होती. दुसरीतलं कुणी दाखवा म्हटल्यावर सरांनी आकांक्षाला पुढं केलं. साहेबांनी स्वतःच्या खिशातलं एक पत्रक दिलं आणि पोरीनं ते अडखळत, बोट ठेवून, पण वाचलं. अहवालात नोंद झाली की दुसरीचे विद्यार्थी अपरिचित मजकूर वाचतात. दुसरीत सहा विद्यार्थी आहेत.

अडीचला पथक गेलं. शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. सरांनी फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांनी टाळ्या पाठवल्या. पार्वतीबाई मेथी उपटून घेऊन गेल्या.

पाचला संतराम शेतातून आला. मिराबाईनं त्याच्याच मोबाइलवर तो फोटो उघडून त्याच्यापुढं धरला.

"पाहिला म्या. टाळ्या बी टाकल्या."

"मोठा करून पाहा. साहेबाच्या खांद्यामागं."

संतरामनं दोन बोटांनी फोटो ताणला, वाचला, परत वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"मी. तुमच्या पोरगीनं तिथं डोकं टेकून मटकीची उसळ वाचली."

त्यानं फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणाला, "म्हणून तर म्हणून राहिलो, गोरेगावला घाल."

"मुन्ना खताच्या पिशवीला बॅग म्हणतो. अजून काय येतं त्याला ते इचारा त्याच्या बापाला."

"मंग काय करतीस?"

"रामजी काकांकडं चालले. विहारात शिकवतेत ते."

"त्या वाड्यात? आपल्या गल्लीतलं एक तरी लेकरू जातं का तिकडं? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? ह्येच का, टाळ्या वाजवणारे?" तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "एक्केचाळीस हायेत. एकाला बी वाचता आलं न्हाई."

रामजी म्हणजे आकांक्षाचे आजोबा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मिराबाई आरोहीला घेऊन गेली तेव्हा ते अंगणात खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. आवाज ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मिराबाई म्हणाली, "रामराम काका." ते म्हणाले, "जय भीम. या." आकांक्षानं पाणी आणलं. मिराबाई क्षणभर थांबली, मग प्यायली. रामजींनी दोन्ही पाहिलं.

"शाळेला मार्क मिळाले म्हणे माझ्या नातीचे," ते म्हणाले.

"व्हय. माझ्या पोरीचे बी मिळाले. तिला वाचता येत न्हाई."

रामजींनी वर्तमानपत्र आरोहीपुढं धरलं. "मथळा वाच."

आरोहीनं श्वास घेतला आणि सातव्या धड्याचं पहिलं वाक्य म्हटलं. रामजींनी तिला थांबवलं नाही, रागावलेही नाहीत. वाक्य संपल्यावर त्यांनी मथळ्यातल्या एकेका अक्षरावर बोट ठेवलं. आरोहीनं 'प', 'व', 'स', 'ळ' ओळखलं. काना-मात्रा आली की ती आईकडं पाहायची.

"एकतीस वर्षं गाडीत काढली," रामजी म्हणाले. "सेनगावला जायचं असलेला माणूस पाटी न वाचता औंढ्याच्या गाडीत बसायचा. रोज एक तरी. शिकलेले असायचे, दाखल्यावर." मग मिराबाईकडं वळून, "अक्षरं येतात पोरीला. जोडता येत न्हाईत. चार वर्षांत तेवढं बी कोणी पाहिलं न्हाई?"

"म्या बी न्हाई पाहिलं," मिराबाई म्हणाली.

"दोन महिने लागतील. खाडे चालणार न्हाईत. उशीर झाला का दार बंद. आन येताना शाळेचं पुस्तक आणू नको, ते पाठ हाय तिला. वही आणि शिसपेन्सिल बस." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीतलं हे पहिलंच लेकरू. घरी विचारलं का?"

"सांगितलं."

रामजींनी मान हलवली आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. आकांक्षानं आरोहीला शेजारच्या विहारात नेऊन आपली जागा दाखवली, भिंतीकडची, सतरंजीच्या टोकाची. आरोही नाक उडवून म्हणाली, "मी चौथीत हाय." आकांक्षा म्हणाली, "असू दे. तू माझ्या मागं बस."

घरी येताना फाट्याच्या रस्त्यावर पिवळी व्हॅन उभी होती आणि चालक काच पुसत होता. मिराबाईनं त्याला नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही.

उद्या शनिवार. शाळा सकाळी साडेसातला भरते, म्हणून शनिवारी विहारातला वर्ग त्याआधी, सकाळी सहा वाजता सुरू होतो.