फॉर्मवरचं ‘नाही’

मी रेल्वेत सिग्नलचा इंजिनीअर, ऑफिस लखनौच्या चारबाग स्टेशनात. सिग्नल बिघडला की स्टेशन मास्तरांना ताबडतोब लेखी कळवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मागच्या हिवाळ्यात एका मेंटेनरने दहा मिनिटांचा बिघाड परस्पर दुरुस्त केला आणि कळवलाच नाही. मी त्याला सगळ्यांदेखत झाडला. "खराबी होना जुर्म नहीं है, छिपाना जुर्म है!" असं बरंच काही.

हे बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात काय केलं ते आता सांगतो. सांगताना लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

माझी मुलगी स्नेहा सातवीत आहे. चौथीत असताना तिला पहिल्यांदा फिट आली. डॉक्टरांनी अपस्मार म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि शाळेला कळवून ठेवा म्हणाले. विनीता, माझी बायको, लगेच तयार होती. मीच अडून बसलो. "उद्या पोरं तिच्याशेजारी बसायची नाहीत. लोकांच्या जिभेला काही हाड असतं का?" शाळेच्या फॉर्मवर ‘काही आजार?’ असा रकाना होता. त्यात मी ‘नाही’ लिहिलं. घरातसुद्धा आम्ही त्याला ‘चक्कर’च म्हणायचो.

गेल्या महिन्यात सकाळच्या प्रार्थनेला स्नेहा मैदानावर कोसळली. शाळेत कोणालाच काही ठाऊक नव्हतं. कोणी तिचे हात दाबून धरले, शिपायाने पायातला बूट काढून तिच्या नाकाशी धरला. सगळी शाळा बघत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली पोरं तिला बघून बूट काढून दाखवू लागली. तिच्या बाकावरची मैत्रीण उठून मागे जाऊन बसली. मला ज्याची भीती होती तेच झालं, आणि माझ्यामुळेच झालं.

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. विनीता खरं बोलून जाईल म्हणून मी तिला नेलं नाही. स्नेहा माझ्या शेजारी उभी होती.

"व्रत था मैडम, भूखे पेट चक्कर आ गया," मी ठोकून दिलं. मग स्नेहाला हळूच म्हणालो, "तूही हेच सांग, बाळा."

लखनौत चारचौघांत लपवून बोलायला मराठी फार सोयीची पडते. पण स्नेहाला मराठी नुसती कळते, उत्तर ती हिंदीतच देते.

"क्यों बोलूँ, बाबा? चक्कर नहीं है। मिर्गी है।"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी स्नेहाला विचारलं, "क्लास को बताओगी?" ती हो म्हणाली.

मी वर्गाच्या दाराशी थांबलो. स्नेहा फळ्यासमोर उभी राहिली, पाठ ताठ.

"दौरा आए तो करवट से लिटाना। सिर के नीचे बैग रख देना। घड़ी देखना, पाँच मिनट से ज़्यादा चले तो अस्पताल। हाथ-पैर पकड़ना नहीं, मुँह में कुछ डालना नहीं। और जूता तो बिल्कुल नहीं।"

दोन-तीन पोरं हसली. तीही हसली. बूट दाखवण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला विपुल हात वर करून म्हणाला, "छूने से हो जाता है क्या?"

"नहीं, यार."

"तो अंकल ने स्कूल में पहले क्यों नहीं बताया?"

स्नेहाने दाराकडे पाहिलं. "बाबा को पता ही नहीं था," ती म्हणाली. "अभी पता चला है।"

स्वतःसाठी खोटं बोलायला जिने दहा मिनिटांपूर्वी साफ नकार दिला होता, ती माझ्यासाठी बोलली. तीन वर्षं तिच्या गोळ्या दर महिन्याला मीच आणतोय.

मी आत गेलो. "पता था, बेटा," मी विपुलला म्हणालो. "तीन साल से। मैंने ही छिपाया।"

इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या स्नेहाने तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.