शुक्रवारपर्यंत कळवा

लोकांना ठरवायला लावणं हा माझा धंदा आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी जानेफळला घरी बसून करते: यंत्रांचे भाव मागवून गप्प बसलेल्या परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत तगादा लावायचा. पहिल्या मेलला 'जस्ट चेकिंग इन', म्हणजे 'जिवंत आहात ना?' दुसऱ्याला 'जेंटल रिमाइंडर', म्हणजे आता माझं डोकं फिरलंय. तिसरा मात्र सरळ: शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर आपल्याला रस नाही असं समजून आम्ही पुढे जाऊ. कुणालाही राग येत नाही. उलट आठवण केल्याबद्दल आभार मानतात.

आणि घरी? देऊळगाव राजाचे पाहुणे मला बघून गेले, चिवडा खाल्ला, चहा मागून घेतला, 'विचार करून कळवतो' म्हणाले आणि गडप झाले. आले होते उन्हाळ्यात. सोयाबीन काढणीला आलं तरी यांचा विचार चालूच! मध्यस्थाकडून निरोप यायचे: कधी सगळं ठरवणारे मुलाचे काका गावाला गेलेले, कधी पितृपक्ष. आमच्याकडे एका स्थळाचं उत्तर येईपर्यंत दुसरं बघायचं नाही, आणि मुलीकडच्यांनी विचारायचं तर नाहीच नाही. मध्ये आलेलं एक चांगलं स्थळ बाबांनी परत पाठवलं. फोन वाजला की भरल्या ताटावरून उठायचे. ते बघून माझ्या अंगाची लाही व्हायची.

त्यातच साहेबांनी विचारलं, पुण्याला येऊन टीम सांभाळशील का? मला जायचंच होतं. बाबा म्हणाले, "थांब बाई. त्यायचं उत्तर येऊ दे. पोरगी पुण्याले गेली म्हटल्यावर काय म्हणतीन ते?"

मी साहेबांना 'घरी विचारून सांगते' असं कळवत राहिले. शेवटी त्यांचा मेल आला: शुक्रवारपर्यंत कळव, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर.

संताप संताप झाला, पण साहेबांवर नाही. मला घरात घ्यायचं की नाही हे महिनोन्महिने चघळत बसलेल्या माणसांसाठी मी हातातली नोकरी घालवत होते! आधी साहेबांना 'येते' म्हणून कळवलं. मग तेच शुक्रवारचं वाक्य मराठीत लिहून मुलाच्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. बाबांना दोन्ही सांगितलं.

रात्री जेवताना काकांचा फोन आला. इतके दिवस सवड नव्हती या माणसाला! बाबांनी उठून स्पीकर लावला.

"तुमची पोरगी लय फटकळ आहे. आम्ही होच म्हणणार होतो. आता मात्र पुन्हा विचार करावा लागंल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा घास हातातच राहिला.

"हाव, फटकळच आहे," ते म्हणाले. "तुम्ही करा निवांत विचार. पोरगी पुण्याले जाऊन राह्यली. आमचं ठरलं."

त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा ताटावर बसले. थोड्या वेळानं फोन परत वाजला. बाबा जेवत राहिले.