खंडेनवमीला पुजलेल्या रॅकेटी

माझ्या हातून काय घडलं ते सांगायचं तर आधी नवस सांगायला हवा. नवस नसता तर एवढा गोंधळ घालायची माझी काय टाप होती!

आमच्या ह्यांचं ते नोकरीतलं शेवटचं वर्ष. धारवाडच्या एका कॉलेजात हे जन्मभर कोच. तेही एका वेळी दोन खेळांचे! आले होते जिम्नॅस्टिक्स शिकवायला. मग टेनिसचे सर सोडून गेले आणि प्राचार्यांनी "तोवर बघा जरा" म्हणून ह्यांच्या हातात रॅकेट दिली. ते 'तोवर' कधी संपलंच नाही. हॉलमध्ये मुली बीमवर तोल सांभाळत उभ्या, खिडकीबाहेर कोर्टवर दुसऱ्या मुली, आणि हे खिडकीत. आत बघून ओरडायचे, "गुडघा सरळ!" की बाहेर सर्व्हिस करणारी दचकून गुडघा सरळ करायची.

घरात तरी वेगळं काय? मी तुळशीला प्रदक्षिणा घालत असले की पायरीवरून आवाज यायचा, "खांदे मागं! मान वर!" ह्यांच्या मनासारखी ताठ उभी राहिली ती एक तुळसच.

जिम्नॅस्टिक्सच्या ढाली कॉलेजात पुष्कळ आल्या. टेनिसची आंतरमहाविद्यालयीन ढाल मात्र कधीच नाही. दर वेळी अगदी तोंडाशी येऊन निसटायची. हे बोलून दाखवायचे नाहीत. हरून आले की मुकाट्यानं परसातली पाण्याची टाकी घासायला घ्यायचे. आमच्या मळमड्डी भागात आमच्याइतकी स्वच्छ टाकी कुणाची नव्हती, आणि मला तिच्याकडं बघवायचं नाही.

म्हणून देवीसमोर हात जोडून बोलले, "आई, निवृत्तीच्या आधी ह्यांच्या मुलींना ती ढाल दे. तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही."

धारवाडात राहून पेढा सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको! चहासुद्धा बिनसाखरेचा. पण धरलं ते धरलं.

आणि त्या वर्षी खरंच योग आला बघा! अंतिम फेरीत बेळगावच्या कॉलेजशी बरोबरी झाली, आणि ढाल येऊन ठेपली एकट्या नेत्राच्या सामन्यावर. नेत्रा म्हणजे ह्यांची नवी खेळाडू. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ह्यांच्या मुली दरवर्षी नव्या, आणि मी कोर्टावर कधी गेलेच नव्हते. पण तिची ख्याती रोज जेवताना ऐकायची. ताटाशेजारी मिठाची बरणी ठेवायची, ती नेत्रा. लोणच्याची बरणी म्हणजे बेळगावची पोरगी. मधे चमचा आडवा, ती जाळी. मग हे सांगणार, "हे लोणचं मागं उभं राहून जोरात मारतं. त्याला पुढं ओढायचं. जाळीपाशी हळूच चेंडू टाकला की पाय उशिरा उचलतं." एवढं सगळं ऐकून मलाच खेळता येईल असं वाटायला लागलं होतं.

त्यात पावसानं सामना पुढं ढकलला आणि तो नेमका खंडेनवमीला आला! मी म्हटलं, देवीची खूण ती हीच.

आदल्या संध्याकाळी बेळगावचे कोच पाटील सर आमच्याकडं जेवायला. ह्यांचे जुने दोस्त. सामना असला तरी पाहुण्या कोचला घरी जेवू घालायचं ही ह्यांची रीत. दोघं पुढच्या खोलीत बोलत बसले होते, मी आत उद्याच्या कडबूंसाठी, म्हणजे पुरणाच्या करंज्यांसाठी, पुरण वाटत होते. बाहेर काय बोलणं झालं, मिक्सरच्या आवाजात मला काय कळणार?

नवमीला हे पहाटेच कॉलेजला गेले. मी आंघोळ करून पूजेला लागले. आमच्याकडं त्या दिवशी कुणाला सोडत नाहीत. स्कूटर, विळी, मिक्सर, शिलाईचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. पुढच्या खोलीत केर काढताना पलंगाखाली बघते तर काय, रॅकेटींची बॅग! ह्यांची बॅग नेहमी तिथंच असते. आजच्या दिवशी आपलं शस्त्र घरी विसरून गेले? छे! देवीनंच विसरायला लावलं असणार.

मग काय विचारता! पाट मांडला. रॅकेटी काढून ओळीनं ठेवल्या. मुठीला गंध, कडेला हळदकुंकू, प्रत्येकीला लाल दोरा. बॅगेलासुद्धा कुंकवाचा भला मोठा टिळा लावला आणि वर झेंडूचं फूल. डोळे मिटून म्हटलं, "आई, या रॅकेटीनं जो चेंडू मारला जाईल तो वाया जाऊ देऊ नकोस."

डोळे उघडते तो दारात एक मुलगी. पांढरा टीशर्ट, वेणी घट्ट, पायात बूट.

"सर आहेत का?"

"सर गेले कधीचेच. तू खेळणारी ना गं आज?"

"हो अक्का. ती बॅग न्यायला आले होते."

"आत ये आधी!"

"अक्का, उशीर होतोय. मी..."

"नवमीच्या दिवशी रिकाम्या तोंडानं दारातून परत जायचं नाही. बूट काढ. बस."

बसली बिचारी. मी कडबू वाढला, वर तुपाची धार. तिनं तोंड उघडलं की मी घास घ्यायला लावत होते. तिनं बोलायचं कधी, सांगा!

"अक्का, तुम्हाला बहुतेक..."

"खाताना बोलू नये. मी बोलते, तू ऐक. सर काय म्हणतात ते सांगितलंय ना तुला? ती समोरची पोरगी मागं राहून जोरात मारते."

"कोण समोरची?"

"अगं, जिच्याशी खेळायचंय ती! दिसायला भारी, पण जाळीपाशी हळूच चेंडू टाकला की संपली. पाय उशिरा उचलते."

मुलगी चावायची थांबली.

"असं सर म्हणाले?"

"रोज म्हणतात!"

"आणखी काय म्हणाले, अक्का?"

बघा, किती शिकायची आवड! मी सगळं सांगितलं. लोणच्यासकट.

आता एक पेच होता. पुजलेलं शस्त्र दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नसतं. पण मी मागं हटणारी बाई नव्हे. अक्षता वाहिल्या आणि देवीला सांगितलं, "आई, हिची लढाई आजच आहे, रागावू नकोस." पाट हलवला, रॅकेटी बॅगेत भरल्या, मुलीची ओटी भरली. ती वाकून पाया पडली. मी तोंड भरून म्हटलं, "जिंकूनच ये!"

दुपारी शेजारच्या शांतक्काला घेऊन जन्मात पहिल्यांदा कोर्टावर गेले. हे एका बाजूला खुर्चीत, दुसऱ्या बाजूला पाटील सर. तेवढ्यात सकाळची माझी ती कडबूवाली मुलगी आली. हातातल्या रॅकेटीचा लाल दोरा लांबूनही दिसत होता. आणि ही बया थेट पाटील सरांकडं चालली!

मी उभी राहून ओरडले, "ए बाळ! तिकडं कुठं? आपले सर इकडं आहेत!"

सगळं कोर्ट माझ्याकडं बघायला लागलं. पोरीनं हसून हात हलवला. पंचांनी गप्प बसायला सांगितलं.

शांतक्कानं माझा पदर ओढला. "अय्यो, खाली बसा हो! आपली नेत्रा ती नव्हे, ती बघा इकडं. ही तर बेळगावची!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली म्हणावं, तर तिथं फरशीही नव्हती, तांबडी माती होती.

सामना सुरू झाला. नेत्रानं ह्यांच्या सांगण्याप्रमाणं जाळीपाशी हळूच चेंडू टाकला. बेळगावची आधीच तिथं हजर! पुन्हा टाकला, पुन्हा हजर. हे डोकं खाजवायला लागले. मी पदर तोंडात धरला. एकदा नेत्रा लांबच्या चेंडूमागं धावताना आपटली, पण ह्यांचंच शिक्षण ते, कोलांटी घेऊन टाळी वाजवावी अशी सरळ उभी राहिली. गुडघेसुद्धा सरळ! चेंडू मात्र गेला तो गेलाच.

मी देवीला विनवायला डोळे मिटले. पण मागू काय? त्या पोरीची ओटी मीच भरलेली, 'जिंकूनच ये' मीच म्हटलेलं. तिला हरव कसं म्हणू? तिनं एक चेंडू असा काही मारला की माझ्या हातून टाळीच वाजली. आमच्या बाजूला टाळी वाजवणारी मी एकटी.

नेत्रा हरली.

घरी आले तर परसातून घासण्याचा आवाज. मी तिथंच उभी राहून सगळं सांगून टाकलं. पूजा, ओटी, कडबू, लोणचं. ह्यांचा हात थांबला.

"लोणचंसुद्धा?"

"हो."

"आणि पाय उशिरा उचलते, तेही?"

"ते तर दोनदा सांगितलं."

हे टाकीच्या कडेला टेकले. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर हे हसायलाच लागले. हसता हसता ठसका लागला. "म्हणजे मी शिकवलेलं बरोबर होतं की गं! त्या पोरीला एका कडबूत जमलं ते!"

तेवढ्यात पाटील सर निरोप घ्यायला आले. बरोबर ती मुलगी, ढाल घेऊन. लॉजची खोली गळत होती, रॅकेटींच्या तारा भिजू नयेत म्हणून पाटील सरांनी आदल्या रात्री बॅग आमच्याकडं ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मुलगी म्हणाली, "अक्का, मी तीनदा सांगायला गेले. तुम्ही कडबूच वाढत होता!"

पाटील सरांनी ढाल ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, पदकासारखी छातीशी धरली आणि परत दिली. म्हणाले, "वजन विशेष नाही हो!"

कुंपणापलीकडून शांतक्का म्हणाली, "झालं, ढाल हातात आली. नवस फिटला. खा आता कडबू!"

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या ढालीवर माझा कडबू नको."

आणि बॅगेवर नाव होतं का म्हणता? होतं ना! पाटील सरांच्या कॉलेजचं, ठळक अक्षरांत. त्यावरच तर मी कुंकवाचा भला मोठा टिळा लावला होता.

हे निवृत्त झाले, पण रोज सकाळी नेत्राला घेऊन कोर्टावर असतात. पगार नाही, पण खिडकी तीच. मीही जाते. चेंडू उचलून देते आणि तिच्याशिवाय कुणाशी एक अक्षर बोलत नाही. नवस चालूच आहे. "निवृत्तीच्या आधी" एवढी अट देवीची क्षमा मागून काढून टाकली.

ढाल येणार, यात मला शंका नाही. पण एकटीनं बिनसाखरेचा चहा किती दिवस प्यायचा हो? तेव्हा एवढं करा. तुम्हीही नेत्रासाठी एखादं गोड सोडा. जे सर्वांत आवडतं तेच सोडा. आणि सुरुवात आत्ताच, हातातल्या या चहापासून. ती साखरेची बरणी इकडं द्या बघू, मी आत ठेवून येते.