मेश्राम काकूंचं ‘अहो’

मेश्राम काकू कोरियन मालिका बघताना पडद्यावरच्या माणसांशी मराठीत बोलत. माणसं कोरियातली, डबिंग हिंदीत, आणि समोर मटार सोलत बसलेल्या काकू म्हणणार, “अरे बाप्पा, तिला छत्री देऊन स्वतः भिजतोय! शिका जरा, अहो!” यातले ‘अहो’ म्हणजे काका. मूळचे नागपूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि कायम वर्तमानपत्राआड दडलेले. नोएडात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ही करमणूक मला फुकटात मिळे.

त्या मालिकांपायी काकूंच्या डोक्यात एक किडा शिरला. “तो हीरो बायकोला ‘आप’ म्हणतो गं. चिडला तरी ‘आप’! आणि आमचे हे? ‘ए, चहा टाक.’”

“काकू, ते ‘आप’ डबिंगवाल्याचं आहे,” मी म्हटलं.

“असू दे. डबिंगवाल्याला तरी कळलं ना?”

मग एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, “यापुढे मला अहो म्हणाल, तरच मी ओ देईन.” काकांना वाटलं, मालिका संपली की ताप उतरेल. मालिका संपली आणि दुसरी सुरू झाली. काका ‘ए’ म्हणत, काकू ढिम्म. चष्मा सापडेना, रिमोट सापडेना, माणूस पार रडकुंडीला आला. लिफ्टपाशी मला गाठून म्हणाले, “बेटा, ऑफिसात मी शिपायालाही अहो-जाहो करायचो. पण घरात जीभच वळत नाही, यार.”

“म्हणजे काकूंचा ग्रेड शिपायाच्याही खाली?” मी विचारलं. काका लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.

बहुधा हेच त्यांच्या मनाला लागलं. दिल्लीत मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, तिथे मीही त्यांच्याबरोबर गेले होते. जेवणाच्या गर्दीत काकू बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली, “अहो!”

हॉलमधले झाडून सगळे नवरे वळले. वळल्या नाहीत त्या फक्त काकू. जन्मभर तो शब्द त्यांनी हाक मारायला वापरला होता, ओ द्यायला नव्हे. काकांनी पुन्हा हाक मारली, नवरे पुन्हा वळले. शेवटी काका चिरक्या आवाजात ओरडले, “अहो शकुंतलाबाई!”

इतकी वर्षं शेजारी राहून काकूंचं नाव मलाही तेव्हाच कळलं. काकू वळल्या, त्या लाजून लाल होऊनच. लोक पोट धरधरून हसत होते, आणि काकाही.

परतताना कॅबमध्ये त्या हळूच म्हणाल्या, “छातीत धडधडलं गं. आई गेल्यापासून कोणी नावच घेतलं नव्हतं.” मला हसू येत होतं आणि रडूही.

मागच्या वर्षी दोघं कायमचे नागपूरला गेले. निघायच्या दिवशी काका खालून हाका मारत होते, “शकुंतलाबाई! अहो, चला ना, ट्रेन सुटेल!” काकू माझ्या दारात निवांत उभ्या.

“काकू, काका बोलावताहेत.”

“ऐकू येतंय गं,” त्या म्हणाल्या, “अजून एकदा म्हणू दे.”